पहिलं हरीण

महाशिवरात्रीला ज्या घरात शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचला जातो, त्या घरातल्या पोरांना हरणाच्या शिकारीची पहिली गोष्ट तिथेच भेटते. तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर व्याध चढून बसलेला, पोटात अन्न नाही, डोळ्यांत झोप नाही. हरिणी पाण्यावर येते आणि बाण सुटायच्या आधी बोलायला लागते. पाडसांना भेटून परत येते, असा शब्द देते. आणि खरंच परत येते. श्रीधरकवींनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीत पुरा केला. तीन शतकं उलटली, पारायणं चालूच आहेत, पण त्या व्याधाचा बाण काही सुटत नाही. शिकारीची आपली लाडकी गोष्ट ही न झालेल्या शिकारीची गोष्ट आहे.

झालेल्या शिकारी शोधू गेलं तर पुराणांत सापडतात ते बहुतेक अपघात. दशरथाने घडा भरण्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितोय असं समजून शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. पंडूने जोडीतल्या मृगावर बाण टाकला, तो निघाला ऋषी. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून दिसलेला श्रीकृष्णाचा पाय हरणाचा वाटला. दुष्यंत तेवढा वेळेवर थांबला, तोही आश्रमवासीयांनी आडवं येऊन हे आश्रमाचं हरीण आहे असं बजावलं म्हणून.

पुढच्या काळातही आपल्याकडे शिकार दिसली ती दोन टोकांना. एका टोकाला संस्थानिक आणि साहेब. कोल्हापूरच्या दरबारात तर पाळीव चित्ते सोडून काळवीट धरले जात. दुसऱ्या टोकाला फासे लावून पोट भरणारे पारधी, ज्यांना इंग्रजी राजवटीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरवलं. जिम कॉर्बेट मराठीत आवडीने वाचला गेला, पण त्याचा वाघ नरभक्षक असतो. त्याला मारणं म्हणजे गावावरचं संकट टाळणं, त्यामुळे वाचकाच्या मनाला टोचणी लागत नाही. या सगळ्यांच्या मधला माणूस आपल्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही. शाळामास्तर, प्लंबर, दवाखान्यातली नर्स यांच्यापैकी कुणी परवाना काढतो, वर्षातून एखादं हरीण मारतो, घरी आणतो, खातो. आणि लेक दहा-बारा वर्षांची झाली की तिलाही बरोबर नेतो, हे चित्र आपल्याला परकं आहे. ही प्रस्तावना त्या मधल्या माणसाची, आणि त्यातही त्याच्या पहिल्या हरणाची.

त्याला भेटायचं तर नोव्हेंबरात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात जावं. तिथे बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी पहाटे तो सुरू होतो आणि साडेपाच-सहा लाख माणसं रानात उतरतात. मिलवॉकी-मॅडिसनला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षी काही उमगत नाही. पेट्रोल पंपावर भडक नारिंगी जाकिटांची रांग, कचेरीतला शेजारचा टेबलवाला आठवडाभर बेपत्ता, महामार्गावर पिकअप ट्रकच्या हौद्यातून डोकावणारे खूर. कोकणातला चाकरमानी गणपतीला रजा मागत नाही, नुसती कळवतो. तोच थाट इथे असतो. पेनसिल्व्हेनियात हा हंगाम १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळा सरळ बंद असत, कारण वर्गात ना पोरं असत ना मास्तर. २०१९ साली तो दिवस शनिवारवर नेला, तेव्हा जुन्या मंडळींनी बरीच कुरकुर केली.

मारलं जातं ते पांढऱ्या शेपटीचं हरीण, व्हाइट-टेल. आपल्या चितळाच्या कुळातलं, पण अंगावर ठिपके फक्त पाडसाच्या. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. चाहूल लागली की शेपटी उभी करून खालची पांढरी बाजू दाखवत ते पळतं, आणि पहिल्यांदा शिकारीला गेलेल्याला हरणाचं पहिलं दर्शन बहुतेक वेळा एवढंच होतं. मागून.

आज अमेरिकेत अशी सुमारे तीन कोटी हरणं असल्याचा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाच लाखही उरली नव्हती. बाजारासाठी शिकार हे त्याचं मोठं कारण. रेल्वे आली, बर्फात घालून मांस शहरात पोहोचू लागलं, आणि धंदेवाईक शिकाऱ्यांनी राज्यंच्या राज्यं साफ केली. १९०० साली लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेलं सावज राज्याबाहेर नेऊन विकण्याला पायबंद बसला. पुढे रानटी हरणाचं मांस विकणंच जवळपास सगळीकडे गुन्हा ठरला. मारा, खा, वाटा, पण विकू नका. या एका नियमाने जेवढं केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल.

पैशाची सोय १९३७ साली झाली. पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर आज तो ११ टक्के आहे. त्यात एक मेख होती. शिकारीच्या परवान्यांचे पैसे राज्याने इतरत्र वळवले तर केंद्राचा हा वाटा बंद. सरकारी पैसा कुठे कुठे झिरपतो हे ठाऊक असलेल्या कुणीतरी हे कलम लिहिलेलं दिसतं. पुढच्या दशकांत त्यातून अब्जावधी डॉलर उभे राहिले, जमिनी घेतल्या गेल्या, हरणं धरून ओसाड भागांत सोडली गेली, मोजणी करणारी माणसं नेमली गेली. म्हणजे बारा वर्षांचं पोर आज ज्या हरणावर नेम धरतं, ते हरीण तिथे असण्याचं एक कारण त्याच्या पणजोबाने आवरता घेतलेला हात आणि भरलेला कर हे आहे.

विस्कॉन्सिनचा विषय निघाला की आल्डो लिओपोल्डला टाळता येत नाही. १८८७ चा जन्म, वनखात्यातली नोकरी, हाडाचा शिकारी. स्वतःची धनुष्यं स्वतः बनवायचा. तरुणपणी नैऋत्येच्या जंगलात असताना लांडगे दिसले की गोळी घालायची हा तेव्हाचा रिवाज त्यानेही पाळला. लांडगे कमी तितकी हरणं जास्त, हे गणित त्याला तेव्हा बिनतोड वाटायचं. पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी झुडपांचा पाला पोहोचेल तिथवर ओरबाडलेला आणि मग हरणंच उपाशी मेलेली त्याने पाहिली. १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यप्राणी व्यवस्थापनाचा प्राध्यापक झालेल्या या माणसाने पुढे, हरणं जगवायची तर माद्याही मारायला हव्यात, अशी बाजू घेतली. १९४३ साली राज्याने तसा हंगाम उघडला, सव्वा लाखाच्या वर हरणं मारली गेली, आणि लोक एवढे खवळले की त्या हंगामाला त्रेचाळीसचा गुन्हा असं नाव पडलं. शिव्या देण्यात शिकारीच पुढे होते. मादीवर गोळी झाडायची नाही, हे त्यांनी बापाकडून शिकलेलं होतं. लिओपोल्ड १९४८ साली शेजाऱ्याच्या शेतावरचा वणवा विझवताना गेला, त्याचं गाजलेलं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. आज तिथले वनाधिकारी मादीचे परवाने वाटताना त्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगतात.

आता पहिल्या खेपेची तयारी. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. जाणत्या माणसाच्या हाताखाली, त्याच्या हाताच्या अंतरात राहून शिकणाऱ्याला तेवढी सवलत आहे. अभ्यासक्रमात चार नियम पोरांकडून घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा. सावज कोणतं आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नेऊ नका. तिसरा नियम वाचताना मराठी माणसाला दशरथ आठवावा. ज्या चुकीवर आख्खं रामायण उभं आहे, ती टाळायला तिथे दहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेतात.

नारिंगी जाकीटही त्यातलंच. हरणाच्या डोळ्याला तांबडा रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. माणसाला अर्ध्या मैलावरून खुपणारं नारिंगी त्याला मळकट वाटतं, आणि निळी जीन्स घालून गेलेला गडी मात्र उठून दिसतो. २०१६ पासून विस्कॉन्सिनमध्ये भडक गुलाबीही चालतो. बायका शिकारीकडे वळतील अशी आमदारांची अपेक्षा होती. त्यावर बायकांनीच त्यांची भरपूर थट्टा केली.

मग ती पहाट. सूर्योदयाआधी अर्धा तास बंदूक झाडायला कायद्याने मोकळीक, म्हणून त्याच्याही तासभर आधी मचाणावर जाऊन बसायचं. तापमान शून्याच्या खाली. पायमोज्यांचे दोन थर, तरी बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. वारा कुठून येतो हे बघूनच जागा ठरवलेली, कारण हरणाचं नाक हे त्याचं खरं हत्यार. वारा फिरला की सकाळ संपली. अंधार विरघळायला लागला की झाडाचा प्रत्येक बुंधा हरीण होतो. वाळक्या पाल्यावर खार उड्या मारत गेली तरी वाटतं की आलं. जाणते सांगतात, खार घाईघाईने आवाज करते. हरीण दोन पावलं टाकतं, थांबतं, ऐकतं, पुन्हा टाकतं. हा फरक पुस्तकातून कळत नाही. तो कळायला तीन-चार तास काही न करता बसावं लागतं, आणि ज्या वयात पाच मिनिटं फोन दूर ठेवणं जड जातं त्या वयात ही बैठकच निम्मी दीक्षा आहे. पहिल्या हंगामात कित्येकांना हरीण मिळत नाही. दुसऱ्यातही नाही. त्यांना शिकार घडली नाही असं मात्र कुणी म्हणत नाही.

आणि मग ते येतं. आवाज न करता. आधी नुसता कान हलतो, मग पाठीची आडवी रेघ दिसते. उभ्या झाडांच्या रानात आडवी रेघ म्हणजे जनावर. या क्षणी जे होतं त्याला अमेरिकन शिकारी बक फीवर म्हणतात. काळीज कानात वाजतं, गुडघे लटपटतात, दुर्बिणीतली खूण हरणाच्या अंगावरून आभाळात आणि आभाळातून मातीत जाते. खटका लॉक आहे हे विसरून चाप दाबत राहणारे पुष्कळ. काही जण तर रायफलचा बोल्ट मागेपुढे ओढत सगळी काडतुसं न उडवताच खाली पाडतात आणि नंतर शपथेवर सांगतात की आपण पाच गोळ्या झाडल्या. ही भीती नव्हे, कारण हरीण काही करणार नसतं. आनंद म्हणावा तर त्यात घशाला कोरड पाडणारं काहीतरी असतं. मुरलेले शिकारी सांगतात की चाळीस वर्षांनीही ते थोडंफार होतंच, आणि ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी बंदूक विकून टाकायची. शिकारीचा थरार म्हणतात तो हाच. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि तो नाकारून लिहिलेले शिकारीचे लेख खोटे वाटतात.

पण थरार हा सगळ्यात लहान भाग आहे. घड्याळ लावून पाहिलं तर मिनिटभराचा. विषयाचं खरं वजन त्यानंतरच्या चार तासांत आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

खांद्यामागे, काळीज आणि फुप्फुसं असतात तिथे जेवणातल्या छोट्या ताटलीएवढी जागा असते. गोळी तिथे लागली तरी हरीण जागच्या जागी पडेलच असं नाही. पन्नास, शंभर मीटर धावतं आणि मग दिसेनासं होतं. नवखं पोर लगेच खाली उतरून धावू बघतं, आणि बरोबरचा मोठा माणूस त्याला खांद्याला धरून बसवतो. अर्धा तास थांबायचं. पाठलाग झाला नाही तर जखमी जनावर जवळच आडवं होतं. हुसकावलं तर मैलभर जातं. मग उतरायचं आणि हरीण उभं होतं तिथपासून पाल्यात रक्त शोधायचं. गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण जवळच असणार. काळपट लाल असेल तर यकृत, आणखी वाट पाहा. हिरवट, घाण वासाचं असेल तर गोळी पोटात लागली. तिथे सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण आता कित्येक तास थांबायचं आणि ते जनावर तेवढे तास मरत राहणार. पोराच्या हातून ते झालेलं असतं. कुणी रागावत नाही, पण कुणी समजूतही काढत नाही. माग सापडेपर्यंत शोधायचं, अंधार पडला तर बॅटऱ्या घेऊन, गुडघ्यांवर बसून, एकेक पान उलटून.

सापडलं की काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री करायची. मग सुरी. हरणाला उताणं करतात, बरगड्या संपतात तिथे पोटाच्या कातडीला छोटी चीर देतात, डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडी उचलून धरतात आणि त्या बोटांच्या मधून पातं वरच्या अंगाने सरकवत नेतात, म्हणजे कोठा फुटत नाही. कोठा किंवा मूत्राशय फुटलं तर मांस नासतं. पडदा कापून कोपरापर्यंत हात आत घालायचा, श्वासनळी चाचपून कापायची आणि सगळं एकत्र बाहेर ओढायचं. थंडीत त्यातून वाफ निघते. बोटं बधिर झालेल्या पोराला पहिल्यांदा जाणवते ती ऊब; आत्ता तासाभरापूर्वी हे चालत होतं, याचा तो पुरावा हाताला लागतो. काही पोरं इथे रडतात. काही बाजूला जाऊन ओकतात. बहुतेक जण गप्प होतात आणि सांगितलं ते करतात. काळीज आणि यकृत पिशवीत जातं, त्या रात्री तेच कांद्यावर परततात. उरलेलं दोरी बांधून ओढत न्यायचं, आणि पन्नास-साठ किलोचं हरीण चढावर ओढताना थरार वगैरे शब्द डोक्यात राहत नाहीत. मारलेल्या हरणाची सरकारदरबारी नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत झालीच पाहिजे.

आपल्याकडे मटणाच्या दुकानासमोर रविवारी रांग लावणाऱ्यांपैकी किती जणांनी बोकड कापताना पाहिलाय? गावात कंदुरीला, जत्रेला वाटे पडताना पाहिलेली पिढी आहे अजून, पण तीही कमी होत चालली. हरीण मारून खाणारा माणूस खाटीकखान्याचं मांस खाणाऱ्यापेक्षा थोर, असा निकाल इथे द्यायचा नाही. मात्र ताटातल्या घासाची किंमत त्याला अंगाने ठाऊक असते, हे मान्य करायला हरकत नाही.

पहिल्या हरणाभोवती विधी जमले ते बहुधा या गप्प होण्यामुळेच. अमेरिकेच्या दक्षिणेत पहिल्या शिकारीचं रक्त गालाला लावतात. विल्यम फॉकनरच्या १९४२ च्या पुस्तकात बारा वर्षांच्या आयझॅकच्या चेहऱ्याला सॅम फादर्स नावाचा म्हातारा असंच रक्त लावतो, आणि तो मुलगा उरलेला जन्म त्या डागाचा अर्थ लावत राहतो. नेम चुकला तर सदऱ्याचा मागचा पदर कापून भिंतीला टांगायचा, हाही रिवाज आहे. त्यात मात्र निव्वळ टवाळी. जर्मनीत मेलेल्या हरणाच्या तोंडात झाडाची डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी डहाळी त्याच्या रक्ताला लावून शिकाऱ्याला टोपीत खोवायला देतात. विस्कॉन्सिनच्या उत्तरेतल्या ओजिब्वे लोकांत तंबाखू वाहून आभार मानतात, आणि पोराच्या पहिल्या सावजाची मेजवानी होते ती इतरांसाठी. मांस वडीलधाऱ्यांना आधी जातं. या लोकांचा त्या रानातला करारातला शिकारीचा हक्क १९८३ साली न्यायालयात पुन्हा मान्य झाला, तोवर त्यांच्याच जमिनीवर ते चोर होते. पारध्यांची हकिगत ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळ्यात शहाणा रिवाज मात्र कालाहारीच्या जू-होआन्सी लोकांचा. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली याने १९६९ साली त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. नाताळाला त्याने सगळ्यांसाठी एक गलेलठ्ठ बैल विकत घेतला, आणि जो तो येऊन म्हणू लागला, काय हे हाडांचं खोकं आणलंस! ली हिरमुसला. नंतर त्याला कळलं की मोठं सावज आणणाऱ्या प्रत्येक जवानाची हे लोक अशीच खोड मोडतात. ज्याच्या डोक्यात शिकारीची हवा जाते तो उद्या माणसांवर हुकूम चालवायला लागतो, म्हणून. मांसही मारणाऱ्याचं नसतं, पहिला बाण ज्याच्या मालकीचा त्याचं. आणि बाण पुष्कळदा उसना घेतलेला असतो. मेलेल्या हरणाची शिंगं धरून हसत फोटो काढणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा.

कारण त्यांच्याबद्दलचे आक्षेप पोकळ नाहीत. शिंगांच्या आकाराला गुण देऊन वह्यांत नोंदी ठेवण्याचं वेड तिथे आहे, त्याभोवती मोठा धंदा आहे, कुंपणात वाढवलेले नर मारायला पैसे मोजणारेही आहेत. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेलं हरणाचं मांस गरिबांना वाटू नये, असं आरोग्य खात्याला सांगावं लागलं. तेव्हापासून तांब्याच्या गोळ्या वापरणारे वाढले. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग सापडला आणि आता तिथल्या बऱ्याच जिल्ह्यांत मांस शिजवण्याआधी तपासून घ्यायचा सल्ला देतात. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण पोराला वाढताना आईचा हात थबकतोच.

भावनेच्या बाजूने सगळ्यात मोठा हल्ला केला डिस्नेने. १९४२ सालच्या बॅम्बीत शिकारी एकदाही पडद्यावर दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि आई परत येत नाही. आउटडोअर लाइफ मासिकाच्या संपादकाने हा शिकाऱ्यांचा अपमान आहे म्हणून निषेध केला होता. यात गंमत अशी की मूळ कादंबरी लिहिणारा व्हिएन्नाचा फेलिक्स साल्टन स्वतः शिकारी होता. त्याला हरीण माहीत होतं म्हणूनच त्याच्या पुस्तकात रान गोड नाही. तिथे जनावरं एकमेकांनाही खातात. चित्रपटाने ते वगळलं.

हे सगळं वाचून कुणाला आपल्याकडेही परवाने सुरू करावेत असं वाटलं तर त्याने जरा आकडे बघावेत. काळविटांसाठी राखलेलं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत बसतं. अमेरिकेतला नियम जमिनीवर, मोजणीवर आणि दर वर्षी मारल्या जाणाऱ्या साठेक लाख हरणांची जागा भरून काढणाऱ्या वंशवाढीवर उभा आहे. आपल्याकडे १९७२ चा कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारीचं दार लावलं ते योग्यच झालं. पिकं खाणाऱ्या रानडुकरांचा आणि रोह्यांचा प्रश्न खरा आहे, त्यावर शेतकऱ्याला उत्तर मिळायला हवं. पण तो बंदोबस्ताचा प्रश्न आहे, दीक्षेचा नव्हे.

अमेरिकेतही हे जग आक्रसतंय. तिथल्या लोकसंख्येत शिकारी आता जेमतेम चार-पाच टक्के. विस्कॉन्सिनमध्ये पोरांसाठी ऑक्टोबरात दोन दिवसांचा वेगळा हंगाम ठेवावा लागतो, कारण पोरं आली नाहीत तर परवान्यांचा पैसा आटेल आणि हरणं मोजायला माणूस उरणार नाही.

या विषयात शिरू पाहणाऱ्याने आधी लिओपोल्ड वाचावा, मग फॉकनर. इंटरनेटवर पहिल्या हरणाच्या चित्रफिती ढिगाने आहेत. त्यांतल्या बहुतेक गोळी सुटली, मिठ्या मारल्या, फोटो काढला की संपतात, त्या सोडून द्याव्यात. ज्यांत कॅमेरा पुढेही चालू राहतो, रक्ताचा माग, सुरी, ओढत नेणं आणि स्वयंपाकघरापर्यंत, अशा थोड्या आहेत. त्या शोधून बघाव्यात.